तिवरांतला लुकलुकता दिवा

माझा मोठा भाऊ मासेमारीला गेला तो परतला नाही. होडी खाडीच्या तोंडाशी उलटी सापडली, तो सापडला नाही. त्यानंतर आईला मी कोळीवाड्यातून माझ्या फ्लॅटवर आणलं. तिथून खाडी आणि तिच्या काठची तिवरांची झाडी दिसते.

तिन्हीसांजेला ती खिडकीत बसायची. एकदा म्हणाली, "तिवरांत दिवा लुकलुकतो बघ."

मला काहीच दिसेना. खाडीवर धुरकं साचलं होतं आणि पलीकडच्या धक्क्यावरच्या मोठ्या दिव्यांनी पाणी चमचमत होतं. शिवाय आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कुठे काय आहे, आई?"

"तुला नाय दिसत म्हनून नाय का?"

बायको म्हणाली, "बोलू द्या त्यांना. मन रमत नाही त्यांचं."

पण आई रोज तेच म्हणायची, आणि बोटही रोज त्याच जागी. मला ते सहन होईना.

मी एका कारखान्यात कॅमेरे तपासतो. मंद दिवा दुसऱ्या उजेडात हरवला तर एका फोटोत तो सापडत नाही. मी खिडकीत कॅमेरा घट्ट बसवून लागोपाठ फोटो काढले आणि संगणकावर प्रत्येकातून आधीचा फोटो वजा केला. स्थिर दिवे असे पुसले जातात. पाण्याची चमक मात्र उरली. पण ती वाटेल तशी हलते, म्हणून संगणकाला ठरावीक लयीत उघडझाप करणारी जागा तेवढी शोधायला लावली. पडदा काळा झाला. एक ठिपका राहिला, आई दाखवायची तिथेच.

रविवारी ओहोटीला चिखल तुडवत गेलो. तिवरांच्या मुळांत जाळ्याचा तुकडा अडकला होता आणि त्याला उन्हावर चार्ज होणारा छोटा दिवा. पाण्यात जाळं कुठे आहे ते कळावं म्हणून बांधतात तसा. त्याला गुंडाळलेली लाल चिकटपट्टी मी ओळखली. भाऊ ती लावत असताना मी शेजारीच बसलो होतो.

दिवा आईच्या हातात दिला. तिने तो चाचपला. रडली नाही.

"कशाला आनलास?" ती म्हणाली. "आता तो काय बघून येल?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पुन्हा गेलो आणि होता तिथेच दिवा बांधून आलो.

मध्ये एक पावसाळा गेला. दिवा अजून लागतो, असं आई म्हणते. मी तिकडे परत कॅमेरा लावलेला नाही.