गावपळणीत पेटलेली चूल

ही हकीकत मी बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. मालवणकडच्या दिवसांविषयी कोणी विचारलं, की मी तिथल्या खाडीविषयी सांगत असे, उकड्या तांदळाच्या पेजेविषयी सांगत असे, आणि विषय तिथेच संपवत असे. घरमालकिणीचं नाव निघालं तर 'फार चांगली बाई' एवढंच म्हणायचो. ते खरंच होतं. पण एवढंच सांगणं ही लबाडी होती. आता वय झालं आहे. जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

माझा जन्म पेडण्याजवळचा. तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं. म्हापशात एका औषधाच्या दुकानात मी औषधं कालवायला शिकलो होतो. त्या जोरावर पन्नासच्या दशकाच्या मध्यात तेरेखोलची खाडी ओलांडून इकडे आलो आणि मालवणच्या उत्तरेकडच्या एका गावात, एका खाजगी डॉक्टरकडे कंपाउंडर म्हणून राहिलो. घरून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत एका दिवसाचा प्रवास, पण मी परदेशात आलो होतो. कचेरीत नाव नोंदवायला गेलो तेव्हा कारकून शुद्ध मराठीत म्हणाला, "आपण परकीय प्रजाजन आहात, इथे सही करा." तोच कारकून अर्ध्या तासाने चहाच्या दुकानात भेटला तेव्हा मला हाताला धरून म्हणाला, "पेडण्यात माजी मावशी लग्नान दिलेली आसा रे. तिची काय खबर?"

जागा मिळेना. त्या गावात घर भाड्याने देण्याची चालच नव्हती. शाळामास्तर आणि तलाठी सोडले तर बाहेरचा माणूस राहायला येतो कशाला, हा लोकांचा प्रश्न असे. त्यात मी एकटा, बिनलग्नाचा आणि पोर्तुगिजांच्या मुलखातला. शेवटी एका बाईने मला तिच्या घराची पडवी दिली. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला गिरणीत, घरात ती आणि सून. भावबंदांनी तिला नको म्हणून सांगितलं. तिने ऐकलं नाही. मी तिला काकी म्हणायचो, ती मला झिला, म्हणजे पोरा, म्हणायची.

भाडं महिन्याला पाच रुपये. पगार पस्तीस. पैशांपेक्षा अटी जास्त होत्या. विहिरीवर घरातल्यांचं झाल्यावर जायचं. माडाची पडलेली चुडतं जळणाला घ्यायची, पण पडलेला नारळ उचलून ओसरीवर ठेवायचा. सोमवारी मासे नाहीत. पडवीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून दिले होते, रांधणं तिथेच. माजघराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकायचं नाही. कुळथाची पिठी, सुकट, गुळाचा चहा यांत महिना निघे. मी येताना खिशात आणलेली गोव्याची नाणी वाण्याने घेतली नाहीत. एक नाणं त्याने दातांत धरून पाहिलं आणि म्हणाला, "पैसो बरो आसा, पण राजा आमचो न्हय." पुढे भारत सरकारने गोव्याची सीमा बंद केली तेव्हा घरी मनिऑर्डर पाठवणंही थांबलं. आई तिकडे, पगार इकडे, आणि मी कोणाच्या तरी पडवीत. असं होतं सगळं.

सीमा बंद झाली त्याच्या पुढच्या वर्षी, भातं झोडून झाल्यावर, गावपळण आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या गावात काही वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि सारा गाव तीन दिवस गाव सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं. गावात आवाज नको, दिवा नको, धूर नको. निघण्याआधी घरं झाडतात, चुली सारवतात, सारवलेल्या चुलीवर रांगोळीची दोन बोटं ओढतात. चौथ्या दिवशी मानकरी आणि गुरव देवळात जाऊन कौल घेतात. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर परत यायचं, डावी पडली तर नाही.

मी काकीला म्हटलं, मी या देवाचा माणूस नाही, मी पडवीतच राहिलो तर चालेल का. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळो गाव गेल्यार तू बसान काय करतलस? देवाबरोबर गजाली?" सून तोंडाला पदर लावून हसली. मी त्यांच्याबरोबर गेलो.

खाडीपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहिल्या. लोकांना तो सण होता. दिवसभर भजनं, बायकांच्या फुगड्या, एकमेकांच्या खोपीत जेवणं. काकीने मला आपल्या खोपीतच घेतलं. माझ्याकडून तांदूळसुद्धा घेतला नाही. पहिला दिवस मला बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा कोणीतरी मला विचारलं, की तुमच्या मुलखात पाद्री सांगेल त्याच्याशी लग्न करावं लागतं, हे खरं काय. मला एकदम नको झालं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी गावात माझा कागद आणायला गेलो. कचेरीतल्या नोंदणीचा कागद पडवीतल्या ट्रंकेत राहिला होता, आणि तो जवळ नसला तर आपल्याला धरतील अशी भीती होती. कागद राहिला होता हे खरं, पण त्यासाठी मी गेलो नाही. मी गेलो ते घर रिकामं होतं म्हणून.

काकीला सांगितलं, कट्टा गावच्या बाजारात जाऊन येतो. ओहोटी होती. वरच्या अंगाने खाडी उतरून दुपारच्या सुमारास गावात शिरलो. एवढी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. कोंबडीसुद्धा नव्हती. पडवीत गेलो, ट्रंक उघडली, कागद घेतला. तेवढ्यावर निघायला हवं होतं. माजघराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

मी आत गेलो. चोरायला नव्हे. चार खोल्यांतून फिरलो, भिंतीलगतच्या बंकावर बसलो, मागच्या दारातून परसदार पाहिलं. दीड वर्षं त्या घरात राहून ते आतून मी पहिल्यांदा पाहत होतो. परमुलखात भाड्याने राहणाऱ्याला एक भूक लागते, ती अन्नाची नसते. कोणाच्या परवानगीशिवाय एखाद्या घरात उठावं-बसावं, एवढंच हवं असतं. मग स्वयंपाकघरात गेलो आणि चहा करायचं मनात आलं. माझे तीन दगड बाहेर होते, त्यांवर केला असता. मी तिच्या चुलीवर केला. तिचं जळण घेतलं, तिच्या गाडग्यातला गुळाचा खडा घेतला, आणि तिच्या पाटावर बसून घरमालकासारखा प्यालो.

खाडीवर वल्ह्याचा आवाज आला तसा घाबरलो. चुलीवर पाणी ओतलं, भांडं पुसून ठेवलं आणि मागच्या दाराने निघालो. चूल पुन्हा सारवायला हवी होती. शेण कुठून आणणार? गावात गाय नव्हती. परतताना आपण आधी पोहोचू आणि राख उचलू, असं ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी कौल मिळाला नाही. डावी पाकळी पडली. माळावर हसणं-खिदळणं थांबलं. एका होडीवाल्याने सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या वाडीच्या माडांवरून धूर चढताना त्याने पाहिला होता. मग मानकऱ्यांनी वाडीतल्या प्रत्येक घराकडून नारळावर हात ठेवून शपथ घेतली. आमची पाळी येण्याआधी काकी मला बाजूला घेऊन गेली.

"तू खंय गेल्लस त्या दिवशी?"

"कट्ट्याक."

"खराच?"

मी हो म्हणालो. तिने जाऊन नारळावर हात ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं, की माझ्या घरातला कोणी वेस ओलांडून गावात गेला नाही. सुनेचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं. शेवटी 'आणि माजो भाडेकरी' असं म्हणाली. तेव्हा मला बोलता आलं असतं. दहा पावलांवर उभा होतो.

पाचव्या दिवशी कौल मिळाला आणि गाव परतला. मी घाईने चालत होतो, पण गुरं पुढे घातलेली, पाणंद अरुंद. काकी माझ्याआधी दारात होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी पडवीत पथारी सोडत बसलो. माझे तीन दगड होते तसेच स्वच्छ होते. धूर कोणी केला ते शोधायला कोणी आलंच असतं, तर माझ्यावर बोट ठेवायला काही नव्हतं.

तिला राख उचलता आली असती. पाच मिनिटांचं काम. तिने सुनेला पाठवून मानकऱ्यांना बोलावून घेतलं. ऊन कलत होतं. अंगणात चारपाच पुरुष उभे होते आणि मी पडवीच्या दाराआड.

काकी म्हणाली, "माजी चूल पेटली. मिया शपथ घेतलंय ती खोटी पडली."

"कोणी पेटवली?"

"माका ठाऊक नाय."

"बाये, तुज्या पडवीत तो गोंयकार आसा. तेका इचारलंस?"

"इचारलंय. तो बाजारात गेल्लो."

"तो सांगता आणि तू मानतंस?"

"तेका घरात मिया घेतलंय," ती म्हणाली. "तुमी नको म्हणतास तरी घेतलंय. चूल माजी, तेवा जबाब पण माजोच."

त्या वेळी गावाने मला हुसकावलं असतं आणि कोणी चौकीवर एक शब्द टाकला असता, तर मला सीमेपार ढकलायला वेळ लागला नसता. तिला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी दाराआडून हललो नाही.

त्या घराला देवळातला एक मान होता. वार्षिक जत्रेला दुसरा नारळ त्यांचा असे. तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनचा. देवाने पुन्हा कौल देईपर्यंत तो नारळ तिने ठेवायचा नाही, असं ठरलं. त्या वर्षी तो शेजारच्या भावबंदांनी ठेवला. जत्रेत मी काकीला पाहिलं. बायकांच्या मागच्या रांगेत खांबाला टेकून उभी होती. मुलगा मुंबईहून आला होता. त्याने आईला चार लोकांत विचारलं, की आपलं घर काय बोडकं झालं काय.

मला तिने काही विचारलं नाही. भाडं वाढवलं नाही, जागा सोडायला सांगितलं नाही. माजघराचं दार पूर्वीसारखंच नुसतं लोटलेलं असे. फक्त झिला म्हणणं बंद झालं. मला हाक मारायची वेळ आली, की ती सुनेकडे बघून 'तेंका सांग' म्हणे. एकदाच, पुढच्या महिन्याचं भाडं हातावर ठेवलं तेव्हा, नोटेकडे पाहत ती म्हणाली, "एकट्यान बसान चाय पिल्यार गोड लागता काय रे?"

ती थोडी थांबली. मग नोट कमरेला खोचून आत गेली. कबुलीची इतकी सोपी वाट मला पुन्हा कोणी करून दिली नाही.

त्यानंतरही मी त्या पडवीत राहिलो. दुसरी जागा मिळाली नसती, आणि मिळाली तरी पाच रुपयांत नसती. हेही लिहायला हवं. पुढे गोवा मुक्त झाला, सीमा उघडली आणि मी म्हापशाला परतलो, जुन्याच दुकानात. तिथेही आधी भाड्याच्या खोल्या, मग लग्न.

साठचं दशक संपत आलं तेव्हा एकदा गेलो. एक लुगडं घेतलं, एक नारळ घेतला. ती ओसरीवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आवाजावरून ओळखलं. मान परत मिळाला का असं मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, दोनदा कौल लावला, दोन्ही वेळा डावी पडली, आता सासू लावू देत नाही. काकीला ऐकू गेलं असावं. ती मला म्हापशाविषयी विचारू लागली. तिथे खोलीला भाडं काय पडतं, तांदूळ कसा किलो, विहीर आहे की नळ. मी सगळ्याची उत्तरं दिली. सुनेने चहा आणला. साखरेचा होता. मी प्यालो आणि शेवटची एस.टी. चुकेल म्हणून उठलो. शेवटची नव्हती, तिच्यानंतर आणखी एक होती.

दोन वर्षांनी सुनेच्या मुलाने लिहिलेलं पोस्टकार्ड आलं, आजी गेली म्हणून.

लुगडं घेऊन गेलो त्या दिवशी पेडण्यापासून तिच्या अंगणापर्यंत मी एक वाक्य मनात घोळवत गेलो होतो. ते तिच्या बोलीत जुळवलं होतं, म्हणजे तिला पुन्हा विचारावं लागू नये. "काकी, तुजी चूल मिया पेटवलंय, आणि माज्यापायी तू देवाकडे खोटी पडलंस. माका माफ कर."