आतल्या बाई

माझी आत्या रफू करते. दुकान बाबांचं, हात तिचे. पुढच्या खोलीत बाबा गिऱ्हाइकाशी गोड बोलतात, कपडा ठेवून घेतात. मागच्या खोलीत खिडकीखाली आत्या बसते आणि त्याच कपड्याच्या शिवणीच्या आतून, कुणाला न दिसणाऱ्या जागेतून धागे उपसून भोक भरते. उभा धागा, आडवा धागा, एकाखालून एक. जुनी गिऱ्हाइकं तिला 'आतल्या बाई' म्हणतात, पण अर्ध्याअधिक लोकांनी तिला कधी पाहिलेलं नाही. कपडा परत घेताना ते उजेडात धरतात, बोट फिरवतात आणि म्हणतात, "पत्ताच लागत नाही हो." आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. ती बाबांना मिळते.

आत्याचं लग्न जमत नव्हतं तेव्हा म्हणे घरात रोज चर्चा व्हायची. मग आजी गेली, आणि ते जमवायचं आहे हेच सगळे विसरले. माझ्या गणवेशाच्या बटणांपासून बाबांच्या पाठदुखीपर्यंत जे येईल ते तिच्या अंगावर पडत गेलं, आणि घर कौतुकाने म्हणत राहिलं, हिचा कसला म्हणून त्रास नाही. या कौतुकाने माझं डोकं फिरतं. त्रास खुर्चीचा नसतो. माणसाचा थोडा तरी असायला हवा.

दोन वर्षांपूर्वी वस्तुसंग्रहालयातल्या एक बाई जुना पडदा घेऊन आल्या. पडद्याचं झालेलं काम बघून त्या बाबांना ओलांडून थेट मागे शिरल्या. जुनी वस्त्रं जपायला शिकवणारी एक शाळा परदेशात आहे, वयाची अट नाही, हातात कसब असेल तर शिष्यवृत्तीही मिळते, असं त्यांनी सांगितलं. आत्या ऐकता ऐकता सुई ओवत राहिली. संध्याकाळी मला म्हणाली, जरा बघून ठेव गं. मग ती तिकडच्या भाषेच्या वर्गाला जाऊ लागली. चाळिशी उलटलेली बाई, पोराटोरांत पहिल्या बाकावर. बाबा म्हणाले, हौस आहे, फिटेल.

ती फिटली नाही. मी तिचा अर्ज पाठवला, तेव्हा शाळेने कामाचा नमुना मागवला. आत्याने चांगल्या लोकरी कापडाचा तुकडा घेतला, मन घट्ट करून त्याला मोठं भोक पाडलं आणि असं भरलं की तिच्याशेजारी बसून बघणाऱ्या मलाही नंतर ते सापडेना. तुकडा तसाच पाठवून दिला. जागा दाखवणारी खूण तिने केली नाही. रफूवाल्याने जागा दाखवायची म्हणजे काम फसलं अशी कबुली देणं, तिला ते सुचणार कसं?

शाळेतल्या शिक्षिका फोनच्या पडद्यावर आल्या. त्यांनी तुकडा उलटा केला, सुलटा केला, दिव्यासमोर धरला. मग फार जपून विचारलं, पाकिटात चुकून कोरं कापड तर आलं नाही ना? पुढच्या खोलीत बाबा खो खो हसले. आत्याने अडखळत जागा सांगितली. शिक्षिका बराच वेळ तिथेच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, काम फार सुंदर आहे, पण आमच्याकडे हे चालत नाही. मूळ कापड कुठलं आणि नंतरच्या हाताने भरलेलं कुठलं, हे पुढच्या माणसाला ओळखता आलं पाहिजे. तुमचा हात दिसेल असा दुसरा नमुना पाठवा, त्यावर ठरवू.

फोन ठेवला आणि आत्या भडकली. रफू दिसू नये म्हणून उभा जन्म डोळे फोडले आणि आता म्हणे हात दाखवा. बाबांनी लगेच संधी साधली. झालं समाधान? आपलं आपल्याला बरं. तसे ते वाईट नाहीत. दुकान कुणाच्या बोटांवर चालतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, फक्त तोंडातून कधी निघालं नव्हतं.

पुढचे काही दिवस तिने सुई धरली, पण मन कामात नव्हतं. एकदा मला म्हणाली, "माझ्या हातून एवढे कपडे गेले. एकातही मी नाही. मग दाखवू काय?" मी म्हटलं, तुझ्या आवडीचा रंग घे आणि त्याने भर. तुझा आवडता रंग कोणता? ती विचार करून म्हणाली, करडा, गडद निळा, तपकिरी. ते सगळे गिऱ्हाइकांच्या कोटांचे रंग होते. हे तिच्याही लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

दुसऱ्या दिवशी तिने आपली खुर्ची उचलून पुढच्या खोलीत आणली आणि रस्त्यावरून दिसेल अशी गल्ल्याशेजारी ठेवली. कोपराला कसर लागलेला स्वतःचा जुना कोट मांडीवर घेतला. तो दुरुस्त करायला तिला कधी वेळच झाला नव्हता. धागा घेतला पिवळाधमक. बाबा हबकले. लोक म्हणतील हिला रफू येत नाही, निदान आत तरी बस. ती हलली नाही. एक वकीलसाहेब कपडे न्यायला आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं की हे असंच दिसणार का.

"हो," आत्या म्हणाली. "इथे फाटलं होतं आणि मी भरलं."

वकीलसाहेब पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघून 'बरं' म्हणाले. बाबा उगाच कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

तो कोट शाळेकडे गेला आणि तिकडून होकार आला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या सुया डबीत भरत होती. बाबा सकाळपासून तिच्या मागेपुढे करत होते. शेवटी मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "तू गेलीस तर दुकानाला खिंडार पडेल. घरालाही."

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलत होते. त्यांचे डोळे भरले होते. मला धडकी भरली, कारण बाबांचा आवाज असा झाला की आत्या नेहमी विरघळते. आता डबी बाजूला ठेवेल असं मला वाटलं. तिने डबीचं झाकण लावलं.

"पडू दे, दादा. मी इथे होते हे तुला एरवी कळायचं नाही."