ओळख पटली नाही

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत मोबाइल दाराशी जमा करावा लागतो, अगदी प्राध्यापकांनाही. तो काउंटरमागच्या खणात जातो आणि आपल्या हाती पितळी बिल्ला येतो. नियम जुना आहे आणि चांगलाही आहे. पण आत कॉम्प्युटरवर बसलं की वायफाय आधी ओटीपी मागतं, आणि तो येतो मोबाइलवर, म्हणजे त्या खणात.

काल पाचच्या आत एका विद्यार्थिनीचं शिफारसपत्र पाठवायचं होतं. तीनदा काउंटरवर गेले, आकडे वाचले, पुटपुटत परत आले. तोवर दर वेळी ओटीपीची मुदत संपलेली. पडद्यावर एकच वाक्य: ‘आपली ओळख पटली नाही.’ वीस वर्षं इथे शिकवतेय मी. आणखी कशी पटवायची?

चौथ्या खेपेला खणांकडे नीट पाहिलं. एकेक मोबाइल उजळत होता, विझत होता. माणसं आत ताटकळलेली आणि त्यांच्या ओळखी इथे कोंडलेल्या. हल्ली सगळीकडे हेच. आपण सदेह समोर उभे असतो, पण पुरावा दुसरीकडून यावा लागतो.

काउंटरवरच्या कुंदाताई वैतागल्या. “मॅडम, तुम्ही जागेवर बसा. मी इथनं सांगते.” ‘शांतता राखा’ या पाटीखालून त्यांनी सहा आकडे सगळ्या हॉलला ऐकवले. पत्र एकदाचं गेलं.

निघताना बिल्ला सापडेना. तो हरवला तर ओळखपत्राची झेरॉक्स जोडून अर्ज द्यावा लागतो. मी पर्स उपसू लागले. कुंदाताईंनी मोबाइल पुढे सरकवला.

“बिल्ला उद्या द्या. मी काय तुम्हाला ओळखत नाही होय?”