काकांच्या गाडीचे दिवे

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला दोन सवयी लागतात. काढलेला पार्ट टाकून द्यायचा नाही आणि झालेली फजिती विसरायची नाही. पार्ट्स ठेवायला दुबईत रास अल खोरला आम्ही चौघांनी मिळून एक शेड भाड्याने घेतलीय. फजित्या माझ्याकडे असतात, आणि मला गप्प बसवत नाही!

चौघं म्हणजे एक मी, सुनीता. जुनी जीप माझी, आणि शेडमध्ये एकटीच बाई म्हणून मी सगळ्यांची ताई. दुसरा प्रधान, आयटीवाला, व्हिडिओ बघून मेकॅनिक झालेला. तिसरा गावडे, कुडाळचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. आणि चौथे कुलकर्णी काका. ते पार अबू धाबीच्या पश्चिम टोकाला, रुवैसला स्टोअर सांभाळतात.

काकी गेल्यापासून काकांचा सगळा आठवडा शुक्रवारकडे डोळे लावून असतो. ड्यूटी सुटली की आपली पिस्ता रंगाची चौकोनी गाडी काढायची आणि सरळ अबू धाबी शहरात, अल रीम आयलंडवर, लेकीकडे, मुग्धाकडे. रस्ता लांबलचक, अर्धा अंधारात, बाजूने मोठमोठे ट्रेलर. एका शुक्रवारी एक्झिट चुकून काका भलतीकडेच पोचले, आणि मुग्धाने निक्षून सांगितलं, "बाबा, सेल द कार. नाहीतर तुम्ही येऊ नका. मीच येईन, जमेल तेव्हा."

ते 'जमेल तेव्हा' काकांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन म्हणाले, "गाडीत काही खोट नाही रे. दिवे मंद आहेत, एवढंच."

*

मीटर लावला तर खरंच! बॅटरीपाशी व्होल्टेज भरपूर, बल्बपाशी पोचेपर्यंत निम्मा जीव गेलेला. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून, बारीक वायरीतून फिरून येतो. उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून जाड वायर थेट दिव्याला, मध्ये रिले. स्विचने रिलेला फक्त इशारा द्यायचा.

प्रधानने हे काकांना लॅपटॉपवर डायग्राम काढून समजावलं, रंगीत बाण वगैरे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्या ऑफिससारखंच की! साहेब नुसता 'यल्ला, चला' म्हणतो, ओझं आपण उचलायचं!"

प्रधानने लॅपटॉप मिटला.

*

या प्रधानने आधी स्वतःच्या गाडीत रिले बसवले होते. वायरिंग कुठेतरी असं चुकलं, की हॉर्न दाबला की फुल बीम लागायचा. सिग्नलला पुढच्या गाडीला त्याने जरासा हॉर्न दिला, तर त्या माणसाच्या आरशात जणू सूर्य उगवला! पांढरी भलीमोठी गाडी, तिच्यातून पायघोळ कंदुरा घातलेला उंचापुरा इमाराती उतरला. तो माणूस आला, वाकला, बॉनेटवरून हात फिरवला.

"हबीबी, बेचेगा?"

प्रधान इतका घाबरलेला, की त्याच्या तोंडून निघालं, "सॉरी सर, नेक्स्ट टाइम नहीं होगा!"

*

उन्हाळ्यात आमच्या शेडमध्ये पाना हातात धरवत नाही. गावडेने त्यावर तोडगा काढला. सगळे पाने बर्फाच्या डब्यात! त्याच डब्यात माझ्या ताकाची बाटली होती आणि तिचं झाकण सैल होतं, हे सांगायला मी विसरले.

काकांनी पेलाभर ताक पिऊन मिशा पुसल्या.

"सुनीता, फोडणी कसली दिलीस गं? वेगळीच चव आहे."

"ग्रीसची," असं मी सांगणार होते, पण त्यांनी पेला पुन्हा पुढे केला होता. कुणी इतक्या प्रेमाने मागितल्यावर भरून द्यायलाच हवा!

*

काकांच्या गाडीचं काम मात्र आम्ही जीव ओतून केलं. नवी वायर, नवे फ्यूज, नवे रिले. यल्ला, स्विच ऑन! एकही दिवा लागेना.

सगळं उलटंपालटं केलं. प्रधानने डायग्रामला दोष दिला, मी प्रधानला. काका खुर्चीवर बसून नुसते बघत होते. "राहू दे रे. नसेल गाडीच्या नशिबात," म्हणाले.

शेवटी मी अर्थिंगचा बोल्ट खोलला, दिव्यांचा करंट जिथून गाडीच्या बॉडीत उतरतो तो. मीच तो पॉलिश पेपरने चकचकीत घासून दिला होता. आता त्यावर हळद-कुंकू कालवून लावलेला, वाळून खडखडीत झालेला जाड टिळा! वर फूलसुद्धा चिकटलेलं!

"गावडे!!"

"ताई, नवीन काम असा. देवाक इसरान कसा चालतला?"

"अरे, मग बॉनेटला लाव ना! करंटच्या कपाळाला कशाला?"

टिळा खरवडला आणि दिवे भक्कन लागले. गावडे म्हणाला, "बघा, पावलो देव!" आणि काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

*

मुग्धाची अट होती, "मी स्वतः बघितल्याशिवाय नो." म्हणून आम्ही भर दुपारी तिच्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये गेलो. खालच्या लेव्हलला एका टोकाच्या ट्यूब बंद होत्या, चांगला काळोख होता. काका स्टिअरिंगवर, शेजारी मी. प्रधान आणि गावडे बाहेर उभे.

काकांनी स्विच ओढला. काय सांगू! समोरची भिंत लख्ख उजळली. रंगाचे पोपडे मोजता आले असते. गावडेने शिट्टी मारली.

तेवढ्यात त्या टोकाच्या लिफ्टमधून मुग्धा बाहेर आली. भिंतीपाशी बरोबर उजेडात उभी राहिली. डोळ्यांवर आडवा हात धरून हसली आणि ओरडली, "ओके, ओके! यू विन!" पण इंजिनाच्या आवाजात ते काकांपर्यंत पोचलं नसावं. मग तिने दोन्ही हात वर करून हलवले.

काका पुढे वाकले. बराच वेळ समोर बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"सुनीता, भिंतीपाशी कोण बाई उभ्या आहेत, त्यांना जरा बाजूला व्हायला सांग ना. मुग्धा येईल एवढ्यात, तिला दिवे नीट दिसले पाहिजेत."