खंडेनवमीला धुतलेला तिरकमठा

तुम्ही तिकडे क्लबात तिरंदाजी शिकता आणि धनुष्याला नेम धरायचं यंत्र लावता, असं तुमच्या आईने सांगितलं. ते ऐकून मला पनवेलच्या माझ्या कोंबड्या आठवल्या.

कॉलेज संपवून मी घरी आले होते. परसात पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळल्या होत्या. तो उद्योग सर्वस्वी माझा. खाडीच्या बाजूने तिन्हीसांजेला एक कोल्हा यायचा. आणखी एक कोंबडी गेली तर उरलेल्या सगळ्या विकून टाकीन, असं वडिलांनी बजावलं होतं. बंदूक मात्र ते घरात येऊ देईनात. म्हणून कर्नाळ्याखालच्या एका कातकऱ्याकडून मी तिरकमठा घेतला.

बाण कधी वर जाई, कधी खाली. कारण उघड होतं : दोरीवर तो दर वेळी वेगळ्या जागी बसे. मी दोरीला शिवणाचा काळा दोरा गुंडाळून बाणाची जागा ठरवली. तो दोरा केसभर वर, केसभर खाली सरकवत केळीच्या खुंटावर सराव केला. भाद्रपद त्यातच गेला. अखेर बाण हवा तिथे लागू लागला.

खंडेनवमीला सकाळी पाहते तर तिरकमठा पाटावर, विळी-कोयत्याशेजारी. घरातली पूजाअर्चा माझी आत्या बघायची. तिने तो धुऊन पुसून खोबरेल लावलं होतं, बाणांच्या पिसांनाही. माझा काळा दोरा कापून टाकला होता आणि लाल दोरा बांधला होता, दोरीच्या बरोबर मधोमध.

"मळकं चिंधूक देवापुढे ठेवू का गं?" ती म्हणाली. शिवाय दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. जुनी खूण मी बोटाने चाचपली. नुसतं तेल लागलं.

नेमका त्याच संध्याकाळी कोल्हा आला. मी पाटावरून तिरकमठा उचलला, अंदाजाने बाण लावला. चिकटलेल्या पिसांचा तो बाण वेडावाकडा जाऊन गोवऱ्यांच्या ढिगात घुसला. कोल्ह्याने कोंबडी उचलली आणि घाई न करता निघून गेला.

आत्या दारातच होती. "पूजेतलं शस्त्र उचललंस. नेम लागेल कसा, बाई?"

मी वडिलांना दोरा, त्याची जागा, पिसं, सगळं क्रमाने समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपलं ठरलं होतं ना?"

दसऱ्यानंतर मोरा बंदरावरचा व्यापारी कोंबड्या न्यायला टोपल्या घेऊन आला. त्याला चहा देता देता आत्याने माझा नेम का चुकला ते सविस्तर सांगितलं. पुढे दर खंडेनवमीला ती ते सांगायची. दोऱ्याचं मला कुणी कधी विचारलं नाही.