किल्ली सुभेदारांच्या खिशात

ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, ते क्लच सुटल्यासारखे अंगावर येतात! पाटणला मी बायकांना गाडी शिकवते म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि महिन्याभरात बायकोचं नाव घालायला येतात. हसू देत.

*

शालनकाकू आल्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. नवरा फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेला. दारात गाडी होती, पण किल्ली सुभेदारांच्या खिशात. काकूंची आई कोयनानगरला एकटी राहायची. सुभेदारांना सवड असेल तेव्हाच मायलेकींची भेट.

"मला माज्या मर्जीनं जायाचंय," काकू म्हणाल्या. "ब्रेक कुटला त्यो सांग."

*

पहिल्या दिवशी मी शिकवलं: हँडब्रेक बघा, क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रलला आहे का हलवून बघा, मग किल्ली. काकूंनी गिअर सोडून सगळं केलं. इंजिन चालू होताच त्या भक्तिभावानं स्टिअरिंगच्या पाया पडल्या आणि क्लचवरचा पाय उठला. गाडीनं टुणकन उडी मारली आणि बंद पडली.

मागच्या सीटवर बसलेल्या क्लासच्याच दोघी हसायला लागल्या. काकू म्हणाल्या, "पाया आदी पडायचं. कळलं."

*

बाजारात गाडी मागं घेऊन लावायची होती. लगेच चार बाप्ये धावले, चौघे चार दिशांना हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" करायला लागले. काकूंनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या.

"आदी तुमच्यात ठरवा, शाना कोन!"

मग आरशात बघून एका दमात गाडी लावली.

*

एकदा सुभेदारांनीच घरासमोरच्या उतारावर गाडी न्यूट्रलला ठेवली. हँडब्रेक अर्धाच ओढलेला. गाडी निघाली ती शेजाऱ्यांच्या उकिरड्यात! उतारावर तोंड खाली असेल तर रिव्हर्स टाकून ठेवावी, चाकं कडेला वळवावीत, असं काकूंनी सांगितलं, तर ते भडकले. तीस वर्षं ट्रक चालवलाय म्हणाले.

"त्यो सरकारचा हुता," काकू म्हणाल्या.

हे ऐकून मला तर लय आनंद झाला. सुभेदारांनी मात्र अट घातली. घाटात चढावर गाडी थांबवून परत उचलायची. बोटभर जरी मागं आली, तर किल्ली कायमची विसरायची.

*

घाटात रस्ता रुंद होता तिथं सुभेदारांनी गाडी थांबवायला लावली. मी मागं बसलेले. ते उतरले, गाडी मागं घसरू नये म्हणून एक धोंडा आणला आणि मागच्या चाकाला त्याची उटी लावली. "आता उचल."

काकूंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून बंद केली, हँडब्रेक कच्चून ओढला. उतरून चाकामागचा धोंडा काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. परत येऊन बसल्या. क्लच दाबून किल्ली फिरवली. क्लच हळूहळू सोडला, गाडी थरथरली तसा हँडब्रेक खाली केला. गाडी बोटभरही मागं आली नाही. सरळ वर निघाली.

"काकू, काका राहिले!"

काकूंनी आरशात बघितलं आणि दुसरा गिअर टाकला.

"ऱ्हाऊ दे. हातात धोंडा हाय, मागं घसरायचे न्हाईत."