बॅटऱ्या राहिल्या, मशिनी गेल्या

ती चोरी आठवली की मला आजही हसू येतं. पोलिसाच्या नोकरीत असे गुन्हे फार थोडे वाट्याला येतात. नावं कुणाचीच लिहीत नाही, कारण त्यातली बहुतेक माणसं अजून त्याच रस्त्यानं ये-जा करतात.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना दोन बायका आत आल्या. एकीच्या हातात दुधाच्या पिशव्यांचा प्लास्टिकचा क्रेट होता. तिनं तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवला. आत चार काळ्या बॅटऱ्या आणि एक चार्जर. अंमलदाराला वाटलं, बाईंना हे रस्त्यात सापडलं असावं. तो म्हणाला, "बेवारस माल आहे का?"

"बेवारस नाय, आमचाच हाय," ती म्हणाली. "ह्याच्या मशिनी चोरीला गेल्यात."

त्या दोघी नणंद-भावजय. लोधिवलीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांची सुतारकामाची शेड होती. भावजय चाळिशीची, नणंद तिच्याहून बरीच धाकटी. काम दोघींनाही घरच्या म्हाताऱ्यानं शिकवलेलं, म्हणजे एकीच्या सासऱ्यानं आणि दुसरीच्या बापानं. भावजयीचा नवरा खोपोलीत कंपनीत होता. त्याला लाकडाची आवड नव्हती. म्हातारा गेल्यावर लोकांना वाटलं शेड बंद पडणार. या दोघींनी ती चालू ठेवली आणि फार्महाऊसवाल्यांचे दरवाजे-खिडक्या करता करता त्या उन्हाळ्यात वायर नसलेल्या नव्या मशिनींचा संच घेतला. ड्रिल, गोल करवत, रंधा, घासायची मशीन आणि नक्षी कापायची बारीक करवत. सगळ्या एकाच कंपनीच्या, सगळ्यांना एकाच प्रकारची बॅटरी.

तो संच घेण्याचं कारणही साधं होतं. त्यांना माथेरानच्या एका हॉटेलच्या खोल्यांचे दरवाजे बसवायचं काम मिळालं होतं. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढं गाडी जात नाही. जनरेटर घोड्यावर लादून नेणं परवडत नाही आणि तिथली वीज कधी जाईल याचा नेम नसतो. बॅटरीची मशीन पाठीवरच्या पिशवीत मावते. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी खोल्या तयार हव्या होत्या. त्यांनी आजवर घेतलेलं ते सगळ्यात मोठं काम होतं.

"आनि आता हॉटेलवाला दुसरा मिस्तरी बघतो म्हनतोय," नणंद म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "बायकांना काम दिलं म्हनून त्याला आधीच लोक हसत व्हते."

मी शेडवर गेलो. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली चौकटीच्या वर एका खाचेत ठेवायची त्यांची सवय होती आणि चोरानं ती तिथूनच घेऊन, काम झाल्यावर परत तिथंच ठेवली होती. माझ्या अनुभवात किल्ली जागेवर ठेवणारा चोर ओळखीचाच असतो. परक्याला ती फेकून द्यायची घाई असते.

बॅटऱ्या वाचल्या त्या शेडमधल्या विजेमुळे. तिथला दाब कमी-जास्त व्हायचा, म्हणून भावजय रोज संध्याकाळी बॅटऱ्या काढून घरी न्यायची आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्ज करायची. चोराच्या हाती लागल्या त्या नुसत्या रिकाम्या मशिनी.

खोपोलीत त्या कंपनीचा माल ठेवणारं एकच दुकान होतं. तिथल्या मालकानं मला या धंद्यातली गंमत समजावून सांगितली. रिकामी मशीन तशी स्वस्तात मिळते. पण दोन बॅटऱ्या आणि चार्जर सुटे घ्यायला गेलात, तर तेवढ्यात आणखी एक मशीन येईल. शिवाय एका कंपनीची बॅटरी दुसरीला बसत नाही. व्होल्ट तेच लिहिलेले असतात, पण खाचा वेगळ्या. या कंपनीनं तर नव्या मशिनींसाठी स्वतःची जुनी खाचही बदलली होती.

"सायेब, ही सोयरीक हाय," दुकानदार हसत म्हणाला. "एकदा एका घरात पोरगी दिली की मग सगळे पावने त्याच घरचे. गिऱ्हाईक पयली मशीन स्वस्त बघून घेतं नि मग जलमभर त्याच कंपनीच्या दारात येतं."

मी म्हणालो, "मग आपला चोरही येईल तुमच्या दारात."

"आला की फोन करतो."

दरम्यान चौकशी चालू होती. शेडवर येणारे-जाणारे सगळे बोलावले. लाकूड आणणारा, पॉलिशवाला, आणि तयार दरवाजे पोचवणारा एक टेंपोवाला. टेंपोवाला तिशीचा, बोलायला गोड, कपडे इस्त्रीचे. त्यानं न विचारता आपण कुठं कुठं शोध घेतला ते सांगितलं. जो माणूस पोलिसांना मागितल्यापेक्षा जास्त मदत करतो, त्याच्याकडं मी जरा जास्त वेळ बघतो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मी त्याला जाऊ दिलं.

पुढच्या आठवड्यात भावजय ठाण्यात आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "टेंपोवाला चांगला हाय हो. म्हनला, वहिनी, मशिनी तर गेल्या, नुसत्या बॅटऱ्या घरात ठेवून काय करता? मी गिऱ्हाईक आनतो, इकून टाका."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, मशिनी परत येनार हायत. बॅटऱ्या इकल्या तर त्या आल्यावर काय खानार?"

मी शेजारी बसलेल्या हवालदाराकडं पाहिलं. त्यानंही माझ्याकडं पाहिलं.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. एक माणूस टॉवेलात गुंडाळून ड्रिल घेऊन आला होता. याला बॅटरी पाहिजे म्हणाला. किंमत ऐकून दचकला, दुसऱ्या कंपनीची चालेल का विचारलं, नाही म्हटल्यावर "पैसे घेऊन उद्या येतो" सांगून गेला.

"टेंपोवाला का? तिशीचा, इस्त्रीचा शर्ट?"

"छे हो, सायेब. साठीचा म्हातारा. डोक्यावर टोपी. लई सज्जन दिसला."

माझा सगळा अंदाज कोसळला. दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत दुकानात जाऊन बसलो, हवालदार समोरच्या टपरीवर. म्हातारा ठरल्याप्रमाणं आला. नुसता आला नाही, आनंदानं आला. टॉवेल सोडला, ड्रिल काउंटरवर ठेवली आणि खिशातून पैसे काढत म्हणाला, "द्या बॅटरी. चांगली बघून द्या, जावयाला द्यायची हाय."

इतक्या खुशीत असलेल्या माणसाला ओळखपत्र दाखवायचं मला जड गेलं. मी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, ही मशीन कुणाची?"

"माझ्या व्हनाऱ्या जावयाची. फर्निचरचा ठेकेदार हाय तो. पाच मशिनी हायत त्याच्याकडं, आमच्याच घरी आनून ठेवल्यात. म्हनला, जागा मिळेपर्यंत ऱ्हाऊ द्या. मी म्हनलं, चालवून दाखव की. तर म्हनं बॅटऱ्या खराब झाल्यात. रविवारी साखरपुडा हाय. म्हनलं, आपन बॅटरी आनून त्याला चकित करू."

"जावई आणखी काही करतो का?"

"एक टेंपो हाय, पन तो आपला असाच. जोडधंदा."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग खरं काय ते सांगितलं. तीस वर्षं कारखान्यात इमानानं नोकरी केलेला तो माणूस. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला बेड्या घालून गल्लीतून नेऊ नका, सायेब. पोरीचं लगीन ठरलंय."

"बेड्या कशाला? तुम्ही माझे साक्षीदार आहात."

त्यांच्या घरी आम्ही गणवेशाशिवायच गेलो. पंचांसमक्ष पंचनामा करून पाचही मशिनी जप्त केल्या. मुलगी पॅकिंगच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तेवढ्यात घरी आली. बापानं खाली मान घालून तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रडारड होणार. तिनं एकदा मशिनींकडं पाहिलं, एकदा बापाकडं, आणि ती जी हसायला लागली ती भिंतीला टेकून हसली.

"आबा, मी तुमाला सांगत नव्हते? त्याला साधा खिळा ठोकता येत नाय! मागं आपल्या घरचा खिळा ठोकताना आंगठा सुजवून घेतला व्हता. तुमी म्हनलात, मोठ्या ठेकेदाराला खिळ्याची सवय नसते!"

आबांच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग तेही हसले. डोळे पुसत हसले. "साखरपुड्याच्या आधी बॅटरी संपली म्हनायची," ते म्हणाले. मी इतक्या घरांची झडती घेतली, पण झडतीच्या घरात चहाबरोबर लाडू मिळाला तो त्या एकाच घरी.

टेंपोवाल्याला संध्याकाळी ठाण्यात आणलं. त्याची तयारी पूर्ण होती. मशिनी माझ्याच आहेत, एका बांधकामावर जुन्या विकत घेतल्या, पावती नाही, आणि गेली दोन वर्षं मीच चालवतो. माझ्या मनात होतं की बॅटरी बसली की मालकी सिद्ध. पण तसं नव्हतं. त्या कंपनीची नवी बॅटरी तसल्या कुठल्याही मशिनीला बसली असती. म्हणून ओळख पटवायला मी दोघींना बोलावलं होतं, आणि त्याची परीक्षा घ्यायला बॅटऱ्याही आणायला सांगितल्या होत्या.

मी ड्रिल आणि एक बॅटरी टेबलावर ठेवली. "दोन वर्षं चालवतोस ना? मग चालव."

त्यानं बॅटरी उचलली. वरून दाबली. बसेना. उलटी करून दाबली. तरी बसेना. त्याच्या कपाळावर घाम आला. तो आता बॅटरी ठोकून बसवणार तेवढ्यात दारातून भावजय ओरडली, "आरं आरं, खाच मोडशील! सरकवायची असती, दाबायची नसती!"

ती तरातरा आत आली, त्याच्या हातातून मशीन घेतली आणि बॅटरी पुढून सरकवली. टक्. घोडा दाबला तशी ड्रिल घुर्रर करून फिरली. अख्खं ठाणं बघत होतं.

मग नणंदेनं बॅटरी पुन्हा काढली आणि मशिनीच्या खाचेत बोट दाखवलं. आत गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका होता. माथेरानला तीन-चार मिस्त्री एकत्र काम करतात, मशिनींची अदलाबदल होऊ नये म्हणून तिनं पाचही मशिनींत तसे ठिपके लावले होते. चोरानं बाहेरची नाव लिहिलेली चिकटपट्टी खरवडून काढली होती. आत मात्र तो कधी डोकावलाच नव्हता.

टेंपोवाला खाली बसला. "त्यांच्या हातात मशिनी बघितल्यावर मला वाटलं बॅटरी आतच असते," तो म्हणाला. मग हळूहळू सगळं आलं. मुलगी आवडली होती. बापाला धंदेवाला जावई हवा आहे असं कळलं, म्हणून ठेकेदार असल्याची थाप मारली. थाप खरी दाखवायला मशिनी हव्या होत्या.

"टेंपोवाला म्हणून गेला असतास तर?" मी विचारलं.

तेवढ्यात आबा जबाबावर सही करून बाहेर पडत होते. ते थांबले. "दिली असती रं पोरगी," ते म्हणाले. "टेंपो काय वाईट हाय?" त्या वाक्यानं तो जेवढा रडला तेवढा अटकेनं रडला नाही.

गुन्हा उघड झाला, तरी दोघींचं काम अडलेलंच होतं. जप्त माल म्हणजे मुद्देमाल. तो न्यायालयाच्या हुकमाशिवाय परत देता येत नाही. मशिनी माझ्या मुद्देमाल खोलीत आणि दिवाळी तोंडावर. दोघींचा अर्ज दाखल होताच आम्ही आमचा अहवाल त्याच दिवशी दिला. न्यायालयानं सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर पुन्हा हजर करू अशा हमीवर, मशिनी परत द्यायला परवानगी दिली. नणंदेनं ठाण्याच्या पायरीवरच रंधा छातीशी धरला. हवालदार म्हणाला, "बाळ सुखरूप आहे हो!"

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. "सायेब, सुट्टी काढा नि वर या. आज शेवटचा दरवाजा बसनार हाय."

मी गेलो. दस्तुरीपासून लाल मातीच्या वाटेनं चालत हॉटेलवर पोचलो, तर व्हरांड्यात माझे दोन्ही पक्ष एकत्र कामाला लागलेले. आबा दरवाजा खांद्यानं तोलून धरत होते आणि त्यांची मुलगी बिजागरीचा स्क्रू ड्रिलनं आवळत होती. आबा माफी मागायला शेडवर गेले होते. तिथं मुलीनं ड्रिल हातात घेऊन पाहिलं, आणि आता सुट्टीच्या दिवशी ती शिकायला येत होती.

"सरळ धर गं," भावजय तिला सांगत होती. "घाई नाय. मशीन तुला ओढत नेत नसते, तू मशीनला न्यायचं."

हॉटेलवाला मला दार उघडून-मिटून दाखवत होता, जणू त्यानंच केलं होतं. दुपारी आम्ही सगळे झाडाखाली एका पंगतीत बसलो. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि आबांनी आणलेले लाडू. फिर्यादी, साक्षीदार आणि तपास अधिकारी असे एका ओळीत जेवायला बसलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

पोलिसाला माणसं भेटतात ती त्यांच्या वाईट दिवशी. तो दिवस कागदावर उतरवून आपण पुढच्या गुन्ह्याकडं वळतो. सगळ्या नोकरीत मी तेच केलं आणि मला वाटत राहिलं की माणसांची दुनिया तेवढीच असते, रडकी आणि फसवी. त्या पंगतीत मला कळलं की फाईल बंद झाल्यावरही माणसं थांबत नाहीत. ती दरवाजे बसवतात, नवं काही शिकतात, एकमेकांना लाडू वाढतात. फक्त ते बघायला आपण तिथं नसतो.

नव्या भरतीची पोरं भेटायला आली की मी त्यांना हेच सांगतो. गुन्हा उघड केलात, शाब्बास. आता एक दिवस रजा काढा आणि त्या माणसांचं पुढं काय झालं ते जाऊन बघून या.